बैलाच्या शरीरातील संयोजी ऊती : प्रकार, रचना आणि कार्य

श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या पूर्वसंध्येस, आपल्या भागातील शेतकऱ्यांच्या घरी बैलांची खांदेमळणी होते. बैलाला स्वच्छ धुऊन, हळद आणि तूप किंवा तेल लावून त्याचा खांदा मळला जातो व दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे त्याला आवतण दिले जाते. वर्षभर ज्या जागेवर जू टेकले त्या जागेची ही सेवा होय. परंतु खांदा मळणाऱ्या हाताखाली नेमके काय असते, ह्याचा विचार क्वचितच केला जातो. बैलाचे बळ म्हणजे त्याचे मांस, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मांसाच्या म्हणजे स्नायूंच्या आकुंचनातून ओढ उत्पन्न होते हे खरेच. तथापि ती ओढ हाडापर्यंत पोचविणारी दोरी, हाडाला हाड जखडून ठेवणारा बंध, जुवाचा भार सोसणारी कातडी आणि साऱ्या शरीराचा डोलारा पेलणारे हाड, ह्यांपैकी एकही गोष्ट स्नायूची नव्हे. ह्या सर्वांची गणना शरीरशास्त्रात 'संयोजी ऊती' ह्या एकाच वर्गात होते. प्रस्तुत पाठात ह्या ऊतींचे प्रकार, त्यांची रचना व त्यांचे कार्य ह्यांची ओळख करून घ्यावयाची आहे.

ही ओळख केवळ ज्ञानासाठी नाही. खुलताबाद तालुक्याची जमीन सपाट नाही. दौलताबादकडून वर चढणारा घाट, वेरुळाकडे उतरणारा रस्ता आणि म्हैसमाळच्या पठाराच्या कडेची उतरती, खडकाळ शेते ह्यांवर बैलाच्या सांध्यांना व शिरांना जो ताण पडतो तो सपाट प्रदेशातील बैलाला पडत नाही. नांगरटीसाठी आज बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर आला आहे. तरी कपाशीची कोळपणी, लहान तुकड्यांतील पेरणी व आडवळणाच्या शेतातून मालाची ने-आण ही कामे अद्यापि बैलांवरच अवलंबून आहेत. ज्याच्या दावणीला एकच जोडी आहे, त्याचा एक बैल ऐन मृगात लंगडला तर त्याचा सारा हंगाम लंगडतो.

ऊती म्हणजे काय ?

एकाच प्रकारचे कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहास ऊती म्हणतात. प्राण्याच्या शरीरात ऊतींचे चार मुख्य प्रकार आहेत. शरीराच्या बाह्य पृष्ठभागावर व आतील पोकळ्यांवर आवरण घालणारी ती अभिस्तर ऊती. आकुंचन पावून हालचाल घडविणारी ती स्नायू ऊती. संदेशांची ने-आण करणारी ती चेता ऊती. आणि ह्या तिन्हींना आधार देणारी, त्यांना परस्परांशी जोडणारी व त्यांच्यामधील जागा भरून काढणारी ती संयोजी ऊती.

पहिल्या तीन प्रकारांत पेशी एकमेकींना खेटून असतात. संयोजी ऊतीचे वैशिष्ट्य नेमके ह्याच्या उलट आहे. तिच्यात पेशी विरळ असतात व त्यांच्यामधील पदार्थच अधिक असतो. ह्या पदार्थास आधारद्रव्य असे म्हणतात. धाब्याच्या घराची भिंत डोळ्यांपुढे आणावी. तिच्यात माती असते व मातीला धरून ठेवणारे काड व भुसा असतो. काड नसेल तर भिंत तडकते आणि माती नसेल तर काडाला आकार राहत नाही. संयोजी ऊतीतही असेच दोन घटक आहेत : आधारद्रव्य आणि त्यात विणलेले तंतू. पेशी हे ह्या भिंतीचे गवंडी होत. त्या संख्येने थोड्या असतात, पण तंतू व आधारद्रव्य तयार करण्याचे व झिजेची दुरुस्ती करण्याचे काम त्याच करतात. गवंडी थोडे आणि भिंत मोठी, ही स्थिती वाचकांनी ध्यानात ठेवावी. दुखापत भरून येण्यास वेळ का लागतो, ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे.

तंतूंचे तीन प्रकार

(१) श्वेत तंतू : हे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे पाव ते तिसरा हिस्सा केवळ ह्या एका प्रथिनाचा असतो. हे तंतू ओढले असता फारच थोडे ताणतात, पण सहजासहजी तुटत नाहीत. कातडी व हाडे दीर्घकाळ उकळली असता जो चिकट सरस निघतो, तो ह्या तंतूंचाच होय.

(२) पीत तंतू : हे रबराप्रमाणे ताणले जातात व सोडताच पूर्ववत होतात. बैलाच्या मानेच्या वरच्या बाजूस कवटीच्या मागील भागापासून वशिंडाजवळच्या मणक्यांपर्यंत जाणारा एक जाड, पिवळसर बंध असतो. तो प्रामुख्याने पीत तंतूंचा बनलेला आहे. बैलाचे शिंगांसह असलेले जड डोके दिवसभर उचलून धरण्यास स्नायूंना सतत श्रम पडत नाहीत ते ह्या बंधामुळे. चरताना बैल डोके खाली नेतो तेव्हा हा बंध ताणला जातो व डोके वर घेताना तोच साहाय्य करतो.

(३) जालतंतू : हे अतिशय सूक्ष्म असून जाळीच्या रूपाने असतात. प्लीहा, यकृत व लसिकाग्रंथी अशा मऊ अवयवांचा सांगाडा त्यांचा असतो.

तंतू कोणते, किती व कोणत्या दिशेने रचलेले आहेत, ह्यावर ऊतीचा प्रकार व तिचे कार्य ठरते. अंबाडीच्या वाखाचे तंतू एकाच दिशेने पिळले की दोर होतो. तो लांबीच्या दिशेने हत्तीला पुरतो, पण आडवा घासला गेला की त्याचे पीळ उलगडतात. उलटपक्षी आपल्या तालुक्यातील कागजीपुऱ्याचा हातकागद पाहावा. लगद्यातील तंतू त्यात सर्व दिशांना विखुरलेले व एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे तो कोणत्याही एका बाजूने सहज फाटत नाही. शरीरात दोन्ही रचना आढळतात. पायाची शीर दोराप्रमाणे असते, तर कातडी हातकागदाप्रमाणे.

संयोजी ऊतींचे प्रकार

*विरल ऊती.* बैलाच्या मानेची कातडी चिमटीत धरून उचलली असता ती सहज वर येते. कातडी व स्नायू ह्यांच्यामध्ये जी सैल, ओलसर जाळी असते ती विरल ऊती होय. तीमुळे कातडी स्नायूंवरून मोकळेपणाने सरकते व रक्तवाहिन्यांना मार्ग मिळतो. ही ऊती रोगाचे निदान करण्यासही उपयोगी पडते. जनावराच्या अंगातील पाणी कमी झाले असेल तर चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर लगेच खाली न बसता काही सेकंद तशीच उभी राहते. उलट, अंगात जंत वा यकृतकृमी फार झाले की रक्तातील प्रथिने घटतात व ह्या सैल जाळीत, विशेषतः जबड्याखाली, पाणी उतरते. घटसर्पातील गळ्याची सूज व फऱ्या रोगात मांसल भागावर बोट दाबले असता येणारा करकर आवाज हीसुद्धा ह्या मोकळ्या जागेतच प्रकट होणारी लक्षणे होत. दोन्ही रोगांवर पावसाळ्यापूर्वी लस टोचून घेणे हाच खरा उपाय आहे.

*चरबीयुक्त ऊती.* विरल ऊतीतील काही पेशी स्निग्ध पदार्थाने भरून गेल्या की चरबीयुक्त ऊती तयार होते. कातडीखाली, मूत्रपिंडांभोवती व वशिंडात ती आढळते. ही जनावराची कणगी आहे. चाऱ्याच्या टंचाईत किंवा गाय व्याल्यानंतर शरीर ह्या साठ्यातून खर्च करते. कणगी रिकामी झाली की कमरेची हाडे वर येतात. उन्हाळ्याच्या अखेरीस हाडे वर आलेला बैल पेरणीस जुंपणे म्हणजे शिल्लक नसताना उचल घेण्यासारखे आहे.

*स्नायुरज्जू.* स्नायू हाडाला ज्या दोरीने जोडलेला असतो ती स्नायुरज्जू होय. तिला आपण शीर म्हणतो. मागील पायाच्या वरच्या सांध्यामागे जी जाड शीर हाताला लागते, जिला धोंडशीर हे नाव आहे, ती स्नायुरज्जूचे उत्तम उदाहरण होय. हिच्यात श्वेत तंतू जवळजवळ समांतर रचलेले असतात. पेशी थोड्या व रक्तपुरवठा अल्प असतो.

*अस्थिबंध.* हाडाला हाड जोडणारा पट्टा म्हणजे अस्थिबंध. सांधा ठराविक दिशेने व ठराविक मर्यादेतच फिरावा, ही व्यवस्था अस्थिबंध पाहतो. पाय मुरगळतो तेव्हा ताणले जातात ते हेच. हनुमान जयंतीला भद्रा मारुतीच्या दर्शनास रात्रभर पायी चालत येणाऱ्या भाविकांपैकी ज्यांचा घोटा खड्ड्यात मुरगळला असेल, त्यांना ह्या बंधाची वेदना निराळी सांगावयास नको. बैलांच्या बाबतीत आणखी एक विकार वारंवार पाहावयास मिळतो. मागील पायाची गुडघ्याची वाटी तिच्या एका अस्थिबंधामुळे वरच अडकते व पाय मागे ताठ राहतो किंवा झटका देऊन उचलला जातो. पशुवैद्य हा बंध लहानशा शस्त्रक्रियेने कापतात व पाय मोकळा होतो. अशा बैलाला निकामी समजून विकून टाकण्याचे कारण नाही.

*कातडीचा आतला थर.* कातडीच्या वरच्या पातळ अभिस्तराखाली श्वेत तंतूंचा जो दाट, सर्व दिशांना गुंतलेला थर असतो तोच कमावल्यावर चामडे होतो. पूर्वी विहिरीवर चालणारी मोट ह्याच थराची असे. बाभळीची किंवा तरवडाची साल वापरून कातडे कमावतात तेव्हा सालीतील द्रव्य ह्या तंतूंशी संयोग पावते व ते कुजेनासे होतात. २०२२ मध्ये महाराष्ट्रात पसरलेल्या लम्पी चर्मरोगात ज्या गाठी उठल्या, त्या ह्या थरात व त्याखालील ऊतीत होत्या. म्हणूनच त्या भरून येण्यास वेळ लागला व अनेक जनावरांच्या अंगावर व्रण राहिले.

*कास्थी.* कान, नाकाच्या मधला पडदा, श्वासनलिकेची कडी व सांध्यांत हाडांची टोके ह्या ठिकाणी ही गुळगुळीत, लवचीक ऊती असते. तिच्यात रक्तवाहिन्या मुळीच नसतात. सांध्यातील कास्थीचे पोषण सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून पाझरूनच होते. म्हणून ती एकदा झिजली किंवा फाटली की भरून येणे कठीण असते. बैलाला वेसण घालताना टोचणी कास्थीतून न जाता तिच्या पुढील मऊ पडद्यातून गेली पाहिजे, हा नियम ह्याच कारणासाठी आहे. तरुण जनावराच्या लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीची कास्थी असते व हाडाची लांबी तिच्यामुळे वाढते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गोऱ्ह्याला हलक्या कामाची सवय लावावी, परंतु पूर्ण ओझे त्याची वाढ पुरी झाल्याशिवाय देऊ नये.

*अस्थी.* घराच्या स्लॅबमध्ये सळई व काँक्रीट असते. हाडातही श्वेत तंतूंच्या सळया व त्यांभोवती कॅल्शियम व फॉस्फरस ह्यांच्या क्षारांचे काँक्रीट असते. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम व ८० टक्क्यांहून अधिक फॉस्फरस हाडांत व दातांत साठविलेला असतो. हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. तिच्यात रक्तवाहिन्या असून तिची झीज व भर सतत चालू असते. दुधाला, गर्भाला वा रक्ताला कॅल्शियम कमी पडले की शरीर हाडांतून उसने घेते.

*रक्त व लसिका.* ह्यांची गणना संयोजी ऊतीत होते हे पाहून पुष्कळांना नवल वाटेल. परंतु ह्यांतही विरळ पेशी व भरपूर आधारद्रव्य हीच रचना आहे, फक्त आधारद्रव्य पातळ आहे. चारशे किलो वजनाच्या बैलाच्या अंगात सुमारे ३० लिटर रक्त असते. ते अन्न व प्राणवायू वाहून नेऊन सर्व अवयवांना जोडते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात खांद्यापुढील लसिकाग्रंथी सुजते. खांदा चाचपताना ही गाठ व जुवाची गाठ ह्यांत गल्लत करू नये.

तुटलेला धागा कसा विणला जातो ?

आता पाठाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. स्नायुरज्जू किंवा अस्थिबंध ह्यांचे काही तंतू तुटले म्हणजे पहिले दोन-चार दिवस तेथे रक्त व लस जमून सूज येते, जागा गरम लागते व जनावर पाय टेकत नाही. त्यानंतर सूज उतरू लागते. पेशी नवे तंतू तयार करू लागतात, परंतु हे तंतू प्रथम अस्ताव्यस्त व कच्चे असतात. ही अवस्था कित्येक आठवडे टिकते. पुढे हळूहळू हे तंतू ओढीच्या दिशेने रचले जातात व पक्के होतात. ह्यास कित्येक महिने लागतात. रक्तपुरवठा अल्प व पेशी थोड्या, म्हणून हे काम घाईने होत नाही.

येथेच शेतकऱ्याची फसगत होते. वेदना व सूज आठवड्याभरात जातात, परंतु दोरी अद्याप कच्चीच असते.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. घाटउताराच्या एका गावात मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी दोन शेजाऱ्यांचे बैल पाठोपाठच्या दिवसांत एकाच निसरड्या उतारावर मुरगळले. दोघांच्याही मागील पायाचा खुरावरचा सांधा सुजला होता. मी बांधावर गेलो तेव्हा आठ दिवस झाले होते व सूज बरीच उतरली होती. पहिला शेतकरी म्हणाला, "साहेब, बैल आता बरा दिसतोय. वाफसा निघून गेला तर मी काय करू ? बसून खाणारा बैल मला परवडत नाही." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. वाफसा कोणासाठी थांबत नाही. मी त्याला आणखी पाच-सहा आठवडे थांबण्यास सांगितले, परंतु त्या काळात पेरणी कशी करावी ह्याचा मार्ग काही माझ्याजवळ तयार नव्हता. त्याने तिफणीला बैल जुंपला. दुसऱ्या दिवशी दुपारी बैल वावरातच बसला. तो वर्षभर कामास आला नाही व पुढेही उतारावर कधी धजला नाही.

दुसऱ्या शेतकऱ्याची म्हातारी आई मला म्हणाली, "भाऊ, मोडलेल्या बाजेवर कुणी निजतं का ?" त्या घराने आपला उरलेला धडधाकट बैल भावकीतील एका शेतकऱ्याच्या एकट्या बैलाबरोबर सावडीने जुंपला. दोन्ही शेते चार दिवसांच्या अंतराने पेरून निघाली. मुरगळलेला बैल सहा आठवडे गोठ्यात राहिला, नंतर रोज थोडा वेळ मोकळा फिरविला गेला व दिवाळीनंतर रब्बीच्या पेरणीस उभा राहिला. दोन बैलांच्या दुखापतीत मला फारसा फरक दिसला नव्हता. फरक पडला तो विश्रांतीत, आणि विश्रांती शक्य झाली ती सावडीमुळे. त्या दिवसापासून मी कोणालाही नुसते 'बैलाला विश्रांती द्या' असे सांगत नाही. तेवढ्या काळात काम कसे निघेल, हे आधी त्याच्याबरोबर बसून ठरवितो. ग्रामकार्यकर्त्यांनीही असेच करावे, अशी माझी विनंती आहे.

जे करू नये

मुरगळलेल्या सांध्यावर तापल्या लोखंडाचा डाग देणे किंवा बिब्बा घालणे हे उपाय अनेक ठिकाणी केले जातात. त्यांमागे जनावराविषयी कळकळच असते. परंतु डागाने जळते ती कातडी, आणि तुटलेली शीर तिच्या खाली तशीच राहते. बरे वाटते ते बहुधा डागानंतर जनावर सक्तीने बसून राहते म्हणून. तीच विश्रांती न जाळताही देता येते.

वेदनाशामक टोचून लगेच कामास लावणे हेही तितकेच घातक आहे. वेदना ही कच्च्या दोरीची राखण करीत असते. राखणदार निजला की दोरी तुटते. शिवाय डायक्लोफेनॅक हे औषध जनावरांसाठी वापरण्यास भारतात २००६ पासून बंदी आहे, कारण ते टोचलेल्या जनावरांचे शव खाऊन गिधाडे मोठ्या संख्येने मेली. औषध कोणते द्यावे हे पशुवैद्यासच ठरवू द्यावे.

खांदेसूज

जुवाखालील खांद्याची सूज हा संयोजी ऊतीचाच विकार आहे. जू खडबडीत वा अरुंद असणे, जोडीतील बैल कमी-अधिक उंचीचे असणे, नवख्या बैलास एकदम दिवसभर जुंपणे आणि पावसात भिजलेल्या मानेवर जू ठेवणे ही तिची मुख्य कारणे होत. कातडी व तिच्याखालील विरल ऊती चिरडली जाते व तेथे पाणी साठते. काम तसेच चालू राहिले तर शरीर त्या जागी जादा श्वेत तंतू घालू लागते. मऊ सूज हळूहळू कठीण गाठ बनते. ही गाठ म्हणजे शरीराने घातलेले ठिगळच होय, परंतु ते इतके जाड होते की पुढे जू टेकूच देत नाही.

सूज दिसताच बैलाला जुवापासून पूर्णपणे सोडवावे. पहिले एक-दोन दिवस थंड पाण्याच्या घड्या दिवसातून अनेक वेळा ठेवाव्यात. त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने शेकावे. सूज स्वतः फोडू नये व जोराने चोळू नये. पू झाला असेल किंवा गाठ कठीण झाली असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. १९६२ ह्या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावरही पशुवैद्यकीय साहाय्य मागता येते.

जुवाच्या बाबतीत एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. तेवढीच ओढ दुप्पट रुंदीच्या गुळगुळीत जागेवर पसरली तर कातडीच्या प्रत्येक बोटभर जागेवर पडणारा दाब निम्मा होतो. सुताराकडून जू रुंद व गुळगुळीत करून घेण्यास जो खर्च येतो, तो बैलाच्या एका दिवसाच्या खाड्यापेक्षा अधिक नसतो.

चढ-उताराचा हिशेब

बैल दीर्घकाळपर्यंत आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी ओढ सोसू शकतो. म्हणजे चारशे किलोच्या दोन बैलांची जोडी सुमारे ८० किलोची ओढ सतत देऊ शकते. आता गाडी व माल मिळून १,००० किलो वजन आहे असे धरू. वीस फुटांत एक फूट चढ असलेल्या रस्त्यावर केवळ चढापोटी ५० किलोची जादा ओढ लागते. दहा फुटांत एक फूट चढ असेल तर १०० किलो, म्हणजे जोडीच्या शक्तीपलीकडे. उतारावर हेच ५० वा १०० किलो गाडी मागून ढकलते व ते थोपविण्याचे काम बैलाच्या मानेवर, पुढच्या सांध्यांवर व शिरांवर येऊन पडते. म्हणून घाटात माल निम्मा करावा, चढावर अधूनमधून गाडीच्या चाकाला दगड लावून थांबावे व उतारावर चाकांना अटकाव करण्याची सोय असल्याशिवाय भरलेली गाडी नेऊ नये.

आहार

तंतू विणण्यास प्रथिने लागतात व हाडे भरण्यास कॅल्शियम व फॉस्फरस. तंतूंची परस्परांतील गुंफण पक्की होण्यास तांबेही अल्प प्रमाणात लागते. नुसता कडबा किंवा मक्याची वाळलेली धाटे खाणाऱ्या जनावरास ही द्रव्ये पुरेशी मिळत नाहीत. जनावर हाडे, चिंध्या वा चामडे चघळू लागले तर फॉस्फरसची उणीव आहे असा संशय घ्यावा. पेंड व कोंडा ह्यांतून फॉस्फरस, तर लसूणघास व इतर द्विदल चाऱ्यातून कॅल्शियम मिळते. मोठ्या जनावरास दररोज ३० ते ५० ग्रॅम क्षारमिश्रण आंबोणातून द्यावे.

माणसाच्या शरीरात श्वेत तंतू तयार होण्यास क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्याने पूर्वी लांबच्या सफरीवरील खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई व जुने व्रण पुन्हा उघडत. १७४७ मध्ये जेम्स लिंड ह्या इंग्रजी आरमारातील वैद्याने संत्री व लिंबे देऊन हा रोग बरा होतो असे प्रयोगाने दाखविले. बैल हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतो. आपणास मात्र ते आवळा, पेरू व लिंबू ह्यांतून घ्यावे लागते.

गावात करून दाखविण्याजोगा प्रयोग

कोंबडीच्या पायाची दोन हाडे स्वच्छ करून घ्यावीत. एक हाड काचेच्या बरणीत शिरक्यात बुडवून आठवडाभर ठेवावे व मधून एकदा शिरका बदलावा. दुसरे चुलीच्या निखाऱ्यात पांढरे होईपर्यंत जाळावे. दोन्ही हाडांचा आकार कायम राहतो. परंतु शिरक्यातील हाड क्षार विरघळून गेल्यामुळे दोरीसारखे वाकते आणि जळालेले हाड तंतू नाहीसे झाल्यामुळे बोटांनी चुरडले जाते. वाकते ते तंतूंचे आणि चुरडते ते क्षारांचे, आणि दोन्ही मिळून हाड, हे सभेतील लहान मुलालाही एका दृष्टिक्षेपात पटते. माझ्या अनुभवाप्रमाणे ह्या प्रयोगानंतर क्षारमिश्रणाविषयी निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. संयोजी ऊतीत पेशी विरळ व आधारद्रव्य अधिक असते. विरल, चरबीयुक्त, स्नायुरज्जू, अस्थिबंध, कातडीचा आतला थर, कास्थी, अस्थी, रक्त व लसिका हे तिचे प्रकार होत.

२. जेथे रक्तपुरवठा अल्प, तेथे दुरुस्ती सावकाश. हाडापेक्षा शीर व शिरेपेक्षा कास्थी भरून येणे कठीण.

३. सूज उतरली म्हणजे दुखापत बरी झाली असे नव्हे. मुरगळलेल्या पायास निदान सहा आठवडे ओढीचे काम देऊ नये व नंतर काम क्रमाक्रमाने वाढवावे.

४. विश्रांतीच्या काळातील कामाची सोय सावड, इर्जिक किंवा भाड्याचे अवजार ह्यांपैकी कशाने होईल, हे प्रथम ठरवावे.

५. जू रुंद व गुळगुळीत, जोडी सारख्या उंचीची, मान कोरडी, घाटात माल निम्मा.

६. आंबोणात क्षारमिश्रण, पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या ह्यांची लस.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदा मळताना शेतकरी बंधूंनी हळद लावणाऱ्या हाताने थोडे चाचपूनही पाहावे. कातडी मोकळी सरकते काय, कोठे गरम लागते काय, बोटाखाली एखादी कठीण गाठ येते काय, हे त्या वेळी सहज कळते. गाठ लहान असतानाच सापडली तर बैलाला थोड्या दिवसांची विश्रांती पुरते. ती मोठी झाल्यावर सापडली तर शस्त्रक्रिया करावी लागते व हंगाम हातचा जातो.